ऐंशी की शंभर

तीस वर्षं मी तंजावुरात पोरांना त्रिकोणमिती शिकवली. आकृती न काढता उत्तर लिहिणाऱ्याचे मार्क हसत हसत कापले. निवृत्त झालो आणि आकृतीची गरज मला स्वतःलाच वाटेनाशी झाली, हे आधीच कबूल करतो.

पापनाशमजवळच्या गावी अक्का, माझी थोरली बहीण, राहते. तिच्या परसातला एक नारळ वादळात स्वयंपाकघराकडे कलला. पाडायला आलेला माणूस म्हणाला, "सार, दोर लावून बाजूला ओढू. दोघं लागतील, उद्या आणतो."

"दोर कशाला? झाड भिंतीपर्यंत पोचतं का, तेवढं पाहू."

भिंत बुंध्यापासून सात मीटर. तिकडे चिखल, आणि माझी वेष्टी, म्हणजे धोतर, पांढरी. म्हणून मी उलट अंगाला दहा मीटरवर उभा राहिलो. शाळेतला लाकडी कोनमापक लावला. माझ्यापाशी पस्तीस, बुंध्यापाशी ऐंशी, शेंड्यापाशी उरले पासष्ट. बेरीज चोख एकशेऐंशी. साइन नियम लावला. झाड सहा मीटर आणि वर थोडं.

"सहाच मीटर आहे. पाड बिनधास्त!"

अक्काने खिडकीतून विचारलं, "मी बाहेर येऊ का रे?"

"कशाला? तू भात बघ."

कुऱ्हाड चालू झाली. मी ओट्यावर बसून आकृती काढू लागलो, जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर मिरवायला. कागदावर झाड माझ्याकडे झुकलं. मान वर केली, तर समोरचं झाड माझ्यापासून दूर, अक्काकडे झुकलेलं.

कोनमापकावर एकाच रेघेवर दोन आकडे असतात. शंभर वाचायचे, ते मी ऐंशी वाचले. दोन्हींची साइन एकच, त्यामुळे तिथे चूक दिसायची सोय नाही. पण शेंड्याचा कोन पासष्टचा पंचेचाळीस होतो, आणि झाड आठ मीटरच्या वर जातं.

मी ओरडलो ते तमिळमध्ये: "निल्लू! थांब!"

तो थांबला. बुंधा निम्म्याहून जास्त कापलेला. "आता वर चढून दोर बांधता येणार नाही, सार. जरा वारा आला तरी आपोआप खाली येईल."

मी चिखलातून धावलो. गॅस बंद केला, अक्काचा दंड धरला.

"अरे, भात कच्चा आहे!"

"सोड तो भात!"

"मघाशी तूच बघ म्हणालास की!"

"अक्का, माझं चुकलं. चल आधी!"

असं तिने माझ्या तोंडून साठ वर्षांत ऐकलं नसावं. तिने माझं मनगट धरलं आणि निघाली. आम्ही रस्त्यावर पोचतो तोच मागे करकर झाली, लांबलचक, एखादं जुनं दार उघडावं तशी. मी डोळे मिटले. कौलं फुटली, भांडी कोसळली, मग सगळं गप्प.

धूळ बसल्यावर पाहिलं. शेंडा खिडकीतून थेट शेगडीवर आला होता.

अक्काने तिकडे पाहिलं.

"किती मीटर म्हणाला होतास?"

"सहा."

ती हसली नाही. माझं मनगटही सोडलं नाही.