एकशे बारा सह्या

आमच्या वसाहतीत बातमी दोन ठिकाणी मिळते. व्हॉट्सॲपवरची निम्मी खोटी असते आणि विहाराच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावरची मालनबाईंनी लिहिलेली असते. पाणी किती वाजता येणार, कोणाकडे गेलेल्या माणसाचा जलदानविधी आहे, लसीची गाडी कुठे थांबणार, कोणाची पोरगी नर्सिंगला लागली, हे सगळं सकाळी साडेसातला खडूने लिहून तयार असतं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. तीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या, पण माझ्या पुकारण्यावर लोकांनी कधी एवढा विश्वास ठेवला नाही. म्हणून या बाईंच्या शब्दाचा कोणी गैरफायदा घेतला की माझं डोकं फिरतं, आणि ते मी लपवणार नाही.

मालनबाई अडुसष्ट वर्षांच्या. माहेर सिन्नरकडचं. लग्न होऊन द्वारका चौकाच्या अलीकडे आमच्या वसाहतीत आल्या आणि विड्या वळू लागल्या. थोरल्या मुलीला शाळेत घालायला गेल्या तेव्हा तिथल्या कारकुनाने एक शब्द न बोलता त्यांचा हात धरला, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. "सही येते का, हे विचारलंसुद्धा नाही हो मला," असं त्या आजही सांगतात, आणि सांगताना अंगठा पदराला पुसतात. त्याच वर्षी मुलीच्या पाटीवर त्यांनी स्वतःचं नाव गिरवलं. मग वाचायला शिकल्या आणि पुढे विहारात बायकांचा वर्ग सुरू केला.

शिकवण्याची त्यांची रीत वेगळी होती. बाराखडी मागून, आधी आपलं नाव. प्रत्येकीला तिच्या नावात येतात तेवढीच अक्षरं द्यायची. दिवसभर धुणीभांडी करून आलेली बाई कंटाळून वर्ग सोडायच्या आत तिच्या हातात सही आली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. नामपूरहून लेकाकडे राहायला आलेल्या भागीबाई पंच्याहत्तरीला सही शिकल्या, त्याला तीन महिने लागले. बचत गटाच्या वहीत पहिली सही करताना त्यांनी सगळ्या बैठकीला थांबवून ठेवलं आणि त्यांना त्याची जरासुद्धा लाज वाटली नाही. बाराखडीकडे मात्र बहुतेक जणी पुन्हा वळल्या नाहीत. नाव आलं, काम भागलं. मालनबाईंनीही फार ताणून धरलं नाही.

आता मैदानाचं सांगतो. विहाराला लागून आमचं मोकळं मैदान आहे. मैदान कसलं, क्रिकेटचा चेंडू थेट मागच्या नाल्यात जातो एवढंच. पण आमची घरं दहा बाय बाराची. लग्नाचा मांडव तिथे पडतो, माणूस गेलं तर तिथे बसायचं, चौदा एप्रिलचं जेवण तिथे, पापड-कुरडया वाळतात त्याही तिथेच. सिंहस्थ जवळ आला आणि कोणाच्या तरी नकाशात ही जागा रिकामी दिसली. तिथे तीन मजली वाहनतळ बांधायचं ठरलं. ठरलं म्हणजे, लोकांना विचारून ठरवायचं होतं. विचारण्याचं काम महापालिकेने एका खासगी सल्लागार संस्थेला दिलं होतं.

त्या संस्थेने रविवारी सकाळी जनसंवाद ठेवला. मालनबाईंनी आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'मैदानाविषयी सभा. सर्वांनी यावे, आपले म्हणणे मांडावे. हजेरीला सही करावी. अंगठा कोणी देऊ नये.' फळ्यावर आलं म्हटल्यावर बायका घरचं काम टाकून आल्या. पाऊण तास पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रात गुळगुळीत रस्ता, दोन्हीकडे झाडं आणि झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसलेली गोरीपान माणसं. आमच्यातलं त्यात कोणी नव्हतं. भागीबाईंनी हात वर करून विचारलं, "मंग आमना लगनं कोठे लागतीन?"

"छान प्रश्न आहे, आजी. नोंद घेतो," बोलणारा पोरगा म्हणाला. त्याच्या हातात पेनसुद्धा नव्हतं.

नंतर समोसे आले आणि समोशांच्या मागोमाग कागद आले. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या दोन मुली रांगेरांगेतून फिरत होत्या. "मावशी, हजेरी लावा." मालनबाई तेव्हा खुर्च्या उचलून ठेवत होत्या. बायकांनी ऐटीत सह्या केल्या, एकेक अक्षर पाडून. सर्वांत पहिली सही माझी. मी शिकलेला माणूस, तीस वर्षं सरकारी कागदांत काढलेली, आणि चष्मा घरी विसरलो होतो. वर बारीक अक्षरात काय छापलंय ते मी विचारलंही नाही. त्या मुलींच्या आधी मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

बारा दिवसांनी नातीच्या दाखल्यासाठी महापालिकेच्या कार्यालयात गेलो. नोटिशीच्या फलकावर आमच्या वसाहतीचं नाव दिसलं म्हणून थांबलो. 'जनसंवादात ११२ नागरिकांनी प्रस्तावास संमती दिली. हरकती : निरंक.' अंतिम सुनावणीची तारीख दहा दिवसांनंतरची होती. सोबत कागद जोडले होते. या वेळी चष्मा होता. प्रत्येक पानावर वर छापलेलं होतं, 'वाहनतळाच्या प्रस्तावास माझी संमती आहे.' खाली पहिलीच सही माझी. सुनावणीत ही संमती तशीच राहिली की काम सुरू, असं तिथल्या शिपायाने सांगितलं. मी भांडायला संस्थेला फोन लावला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "काका, सुनावणीला या ना, तुमचं म्हणणं मांडा." आम्ही आमचं म्हणणं मांडायलाच तर त्या रविवारी आलो होतो.

कागदांच्या नकला काढून मी मालनबाईंकडे गेलो. त्यांनी वरची ओळ एकदा वाचली आणि मग फक्त सह्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "ह्या सगळ्या माझ्या हाताखालच्या आहेत, दत्तूभाऊ," त्या म्हणाल्या. "सही करायला शिकवलं मी. कशावर करतोय ते वाचायला नाही शिकवलं. आणि वर फळ्यावर लिहून बोलावलं." मी म्हणालो, चूक त्या लुच्च्यांची आहे. त्या म्हणाल्या, "त्यांची आहेच. पण त्यांना माझा फळा वापरता आला."

संध्याकाळपर्यंत सगळीकडे कळलं. नळावर बायका मालनबाईंना बघून गप्प झाल्या. तोंडावर बोलल्या त्या एकट्या भागीबाई. "आते अंगठाच बरा, माय," त्या म्हणाल्या. "वाचता येत नही, हाई तरी समोरच्याले दिसस." चाळीस वर्षांच्या मेहनतीवर एका रविवारी बोळा फिरवला त्या ओळखपत्रवाल्यांनी, आणि त्यांच्यातल्या एकालाही हे कधी कळणार नाही. मला राग येतो तो याचा.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बातम्या नव्हत्या. पाण्याची वेळसुद्धा नव्हती. मोठ्या अक्षरांत दोनच ओळी होत्या, 'संमती आहे' आणि 'संमती नाही'. संध्याकाळी सहाला मालनबाई खडूंचा डबा घेऊन फळ्याखाली बसल्या. पहिल्या दिवशी चौघी आल्या. मालनबाई बाकीच्यांच्या दारात गेल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. एक आठवडा द्या." सातव्या दिवशी विहारात बसायला जागा नव्हती. आधी दोन्ही ओळी वाचायला शिकायचं, त्यांतला फरक बोट ठेवून दाखवायचा, मगच लिहायचं. भागीबाई पाचव्या दिवशी आल्या. 'संमती'तला अनुस्वार त्या दर वेळी विसरायच्या आणि दर वेळी खडूलाच शिव्या द्यायच्या.

सुनावणी अकराला होती. आम्ही साडेदहालाच सभागृह भरून टाकलं. समोर सुनावणी घेणारे महापालिकेचे साहेब, शेजारी संस्थेचा तोच पोरगा. साहेब म्हणाले, "सगळ्यांनी बोलायला नको. तुमचा एक प्रतिनिधी बोलू द्या."

मालनबाई उभ्या राहिल्या. "प्रतिनिधी नाही, साहेब. तुमच्याकडे एकशे बारा सह्या आहेत. एकेक नाव वाचा. जिची सही आहे तिला विचारा."

"सर, याला फार वेळ जाईल," पोरगा म्हणाला.

"आम्हाला आज सुट्टी आहे," मालनबाई म्हणाल्या. "खाडा करून काढलेली."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे, आणि पहिलं नाव वाचलं. ते माझं. मी उठून सांगितलं, संमती नाही, मी न वाचता सही केली, माझी चूक. माझा कागद टेबलावर ठेवला. दुसरं नाव, तिसरं नाव. एकेक बाई उठायची, 'संमती नाही' म्हणायची आणि घडी घातलेला कागद ठेवायची. एक जण लेकीच्या बाळंतपणासाठी मालेगावला गेली होती, तिने कागद शेजारणीबरोबर पाठवला होता. आजारी होत्या त्यांनीही पाठवले होते. पहिल्या विसेकांना साहेब 'बरं, बरं' म्हणत होते. नंतर ते प्रत्येक कागद उघडून वाचायला लागले. सगळ्यांवर तेच दोन शब्द आणि खाली नाव, पण अक्षर प्रत्येकीचं निराळं.

भागीबाईंनी कागद घरून आणला नव्हता. त्यांनी साहेबांकडे पेन मागितलं आणि तिथेच टेबलावर वाकून लिहायला घेतलं. पोरग्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "इतली घाई काय शे तुले?" मान वर न करता भागीबाई म्हणाल्या. ओळ चढत चढत कागदाच्या कोपऱ्यात गेली. शेवटी त्यांनी थांबून वरून खाली पाहिलं आणि अनुस्वार दिला.

एकशे बारावं नाव संपलं तेव्हा साडेबारा वाजले होते. साहेबांनी अहवालाचं पान काढलं, 'संमती ११२' वर आडवी रेघ मारली, 'निरंक' खोडलं आणि शेजारी 'हरकती ११२' लिहिलं. पान फिरवून मालनबाईंसमोर सरकवलं. "बाई, इथे खाली सही करा."

मालनबाईंनी चष्मा लावला. पान वरपासून खालपर्यंत वाचलं, छापलेलंही आणि हाताने लिहिलेलंही. मग ते साहेबांकडे परत सरकवलं.

"आधी तुम्ही करा, साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्या झाल्यात."