शेकोटीवरचा ढोल

तहसील कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणाऱ्या माझ्या शब्दाला इंदापुरात वजन आहे. शेळगावचे एक ढोलवादक तात्या माझे प्रत्येक वाक्य मान डोलावत ऐकत आणि बोटांनी टेबलावर ठेका धरत. माझ्याच आग्रहाने त्यांनी ढोलाचे कातडे काढून नव्याने निघालेले प्लास्टिकचे पान बसवले. जत्रेत वाजवण्याआधी, कातडे तापवून ताणून घेण्याच्या जन्माच्या सवयीने, त्यांनी तो ढोल शेकोटीवर धरला. पान आकसून फाटले आणि त्यांची वाजवायची पाळी हुकली.

“आवं तात्या, प्लास्टिक कुणी शेकतं व्हय?” साथीदार हसले. “हे प्लास्टिक बसवायचं कुणाच्या डोक्यातनं निघालं?”

मी शेजारीच उभा होतो.

“माझ्याच,” असे म्हणून तात्या पानावरची काजळी पुसू लागले. मी ते म्हणणे खोडून काढले नाही.