फ्लायव्हीलचं सातवं रीडिंग

कोपरखैरण्यातल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. एफवायच्या मुलांची प्रॅक्टिकलं बरीच वर्षं माझ्याकडेच आहेत. माझ्या नाकावर राग असतो, असं मुलं पाठीमागे बोलतात आणि घरचे तोंडावर बोलतात. दोघांचंही बरोबर आहे. पण आपला राग निदान कामचुकार आणि खोटं बोलणाऱ्यांवरच निघतो, अशी माझी स्वतःबद्दल एक गोड समजूत होती. गेल्या वर्षापर्यंत ती टिकली.

आमच्या लॅबच्या मागच्या भिंतीला एक फ्लायव्हील बसवलेलं आहे. म्हणजे एक जड लोखंडी चाक आणि त्याच्या मधून आरपार गेलेला दांडा. दांड्यावर दोरी गुंडाळायची, टोकाला वजन अडकवायचं आणि सोडून द्यायचं. वजन खाली येतं, चाक फिरायला लागतं, दोरी सुटून पडते आणि मग चाक आपल्याच तंद्रीत फिरत हळूहळू थांबतं. फेऱ्या मोजायच्या, वेळ मोजायचा आणि हे चाक फिरवायला किती जड आहे, म्हणजे त्याचं जडत्व आघूर्ण किती, ते काढायचं. उत्तर ०.०६४ येतं, किलोग्रॅम मीटर वर्ग. हा आकडा मला आमच्या पिनकोडइतका पाठ होता. माझ्या आधी ही लॅब सांभाळणाऱ्या सरांनी निवृत्त होताना मला एक वही दिली होती. तीत सगळ्या प्रयोगांची उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती आणि मी नऊ वर्षं त्याच वहीवरून जर्नलं तपासत होते.

जर्नल म्हणजे सुट्या पानांची फाइल. प्रत्येक प्रयोगाखाली माझी सही झाली, तरच मुलाला प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येतं. त्यामुळे मुलं काय करतात, तर आदल्या वर्षीच्या मुलांची जर्नलं मागून आणतात, उत्तर बघतात आणि तिथून उलटं मागे येत रीडिंग तयार करतात. त्यांच्या भाषेत ‘कुक’ करतात. मला हे ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर मीही कुकच करतेय असं होईल. चाळीस मुलं, एक चाक, दोन तास. चालायचंच, असं म्हणून मी पुढच्या जर्नलकडे वळायची.

त्या वर्षीच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. वडील एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. गाव साताऱ्याकडचं, पण तिचा जन्म इथलाच, त्यामुळे बोलणं आपल्या सगळ्यांसारखंच, फक्त चिडली की ‘इकडं-तिकडं’ यायचं. पहिल्या बाकावर बसायची आणि प्रत्येक ओळीत एकक लिहायची. बाकीची मुलं एकक शेवटी लिहितात, तेही मी ओरडल्यावर. हिच्या आकडेमोडीत मीटर, सेकंद, किलोग्रॅम पायरीपायरीनं खाली उतरत यायचे.

फ्लायव्हीलचा प्रयोग सुरू व्हायच्या आधीच तिनं मला एकदा अडवलं. मी सूत्राची झेरॉक्स वाटली होती. पाच मिनिटांत हिचा हात वर.

“मॅडम, ही वजाबाकी होणारच नाही. इकडं मीटरचा वर्ग येतोय आणि तिकडं नुसता मीटर.”

मी कागद बघितला. झेरॉक्सची झेरॉक्स काढत काढत त्रिज्येच्या डोक्यावरचा दोनाचा आकडा पार उडून गेला होता. लांबीच्या वर्गातून नुसती लांबी वजा करा, असं मी दोन-तीन वर्षं मुलांना छापून देत होते आणि आजवर एकानंही तोंड उघडलं नव्हतं. उघडतील कशाला? सूत्र कुणी वापरतच नव्हतं. मी वर्गासमोर तिचं कौतुक केलं. खरं सांगायचं तर आतून जरा लागलंही.

मग तिची चाकाची पाळी आली. तिचं उत्तर आलं ०.०७८.

“फेऱ्या नीट मोज,” मी म्हटलं आणि पानावर लाल रेघ मारली. दुसऱ्या वेळी आलं ०.०७७. “स्टॉपवॉच उशिरा दाबतेस.” तिसऱ्या वेळी ०.०७९. “व्हर्नियरची शून्य त्रुटी वजा केलीस का?” केली होती. तरी मी रेघ मारली. चौथ्या वेळी पुन्हा ०.०७८. मी प्रत्येक वेळी तिची एकेक चूक शोधून काढत होते आणि ती निमूटपणे दुरुस्त करून येत होती, नसलेली चूकसुद्धा. बाकीच्यांची सगळ्यांची उत्तरं ०.०६४ च्या आसपास सुखानं नांदत होती.

“मॅडम, पण दर वेळी जवळजवळ तेवढंच येतंय की,” पाचव्या रेघेनंतर ती म्हणाली.

“सारखं येणं म्हणजे बरोबर येणं नव्हे,” मी म्हटलं. “पहिल्याच लेक्चरला शिकवलंय मी. दहा बाण एकाच जागी मारलेस, पण ती जागा चुकीची असली तर काय उपयोग?”

यात चुकीचं काहीच नव्हतं. हे मी अजूनही शिकवते. फक्त त्या दिवशी ते कुणाला लागू होतं, ते मला दिसलं नाही.

सबमिशनचा आठवडा आला. लॅबमध्ये झुंबड होती, माझा घसा बसला होता आणि ही सहावं पान घेऊन उभी. ०.०७८. मी पेन उचललं, तशी ती घाईघाईनं म्हणाली, “मॅडम, आमच्या पप्पांच्या गाळ्यावर एकदा काटाच खराब निघाला होता. पप्पा गोणी पाठीवर घेतली की सांगायचे, ही काटा दाखवतोय त्यापेक्षा जड आहे. सगळे म्हणायचे, तुम्ही दमलाय. मग काटा बदलल्यावर—”

मला वाटलं, ही भर वर्गात माझी वही खोटी ठरवतेय. आणि मी बोलले. “इथे हमाली चाललेली नाही, फिजिक्स चाललंय. सहा वेळा चुकलीस, सातव्या वेळी बरोबर आण, नाहीतर सही मिळणार नाही.”

मागे दोन-तीन मुलं हसली. ती मुलगी लाल झाली नाही, रडली नाही. “हो मॅडम,” म्हणून पान घेऊन गेली. हे वाक्य तोंडातून निघालं त्याच क्षणी मला ते परत घ्यावंसं वाटलं होतं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी पुढचं जर्नल ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फाइल आणली. उत्तर ०.०६४. “आलं ना शेवटी!” मी खूश होऊन म्हटलं, सही केली, वर ‘छान’ असंही लिहिलं. तिनं फाइल गठ्ठ्यावर ठेवली आणि गेली.

चारच्या चहाला मी जर्नलांचा गठ्ठा घेऊन बसले होते आणि तिची फाइल सहज पुन्हा उघडली. तीन वेगवेगळी वजनं, तीन वेगवेगळ्या वेळा आणि तिन्ही वेळा उत्तर अंकाला अंक तेच. खऱ्या मोजमापात असं होत नाही. हात थरथरतो, दोरी कधी अर्धी फेरी आधी सुटते, बोट उशिरा पडतं, शेवटचा आकडा कुठेतरी हलतोच. तिच्या आधीच्या सहाही पानांत तो हलला होता. मी ती पानं शोधली. फाइलमध्ये नव्हती.

मला चहा गेला नाही. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी कुक केलं, त्याचं मला नऊ वर्षांत कधी काही वाटलं नव्हतं. पण झेरॉक्सवरचा उडालेला दोनाचा आकडा पकडणाऱ्या पोरीनं खोटं लिहावं, याला कारण मीच होते. आणि ती जर आधी खोटं लिहिणारी नव्हती, तर मग ते ०.०७८ खरं असणार, हे समजायला मला फिजिक्सची पदवी लागायला नको होती.

मी लॅबमध्ये गेले. आमचे लॅब अटेंडंट मामा कुलूप घेऊन उभे होते. खाडीकाठच्या गावातले, यंदा निवृत्त व्हायचे. “मामा, पाच मिनिटं,” म्हणून मी दोरी गुंडाळली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. फेऱ्या मोजताना दोनदा चुकले, तेव्हा मामांनी चाकाच्या कडेला खडूची खूण करून दिली. आकडेमोड केली. ०.०७९. वजनं तराजूत घालून बघितली, स्टॉपवॉच मोबाइलशी जुळवून बघितलं. पुन्हा केलं. ०.०७८.

“मामा, हे चाक…”

“काय झालं त्याला?”

“उत्तर चुकतंय. वहीत वेगळं आहे.”

मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी एफवायला बसल्यासारखी झाले. “वहीतलं चाक त्ये जुनं, मॅडम. लॅब खालच्या मजल्यावरून वर आनली ना, तवा त्ये पडलं. तडा गेला. मंग हे तुर्भ्याला वर्कशॉपात करून घेतलं. मीच टेम्पोत बसून आनलंय. जरा जाडच झालंय हे.”

“कधी?”

“तुमी यायच्या आधी वरीसभर.”

“मग सांगितलं का नाही कुणी?”

“इचारलं कोनी?” मामा म्हणाले आणि कुलूप चाळवत दाराशी गेले. “पोरांची उत्तरं तर बराबर येत व्हती.”

मी तिथेच स्टुलावर बसले. दहा वर्षं शेकडो मुलांनी भंगारात गेलेल्या चाकाचं उत्तर अचूक काढलं होतं, आणि त्यांतल्या नऊ वर्षांच्या उत्तरांखाली माझ्या सह्या होत्या. समोरचं चाक ज्या एकटीनं मोजलं, तिला मी सहा वेळा खोडलं आणि तिच्या बापाच्या कामावरून बोलले. मला स्वतःची लाज वाटली. मामा दारात नसते तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या बॅचसमोर सांगितलं की चाक बदललेलं आहे, वहीतलं उत्तर चुकीचं आहे, हे हिच्यामुळे कळलं आणि चूक माझी आहे. तिच्या वडिलांच्या कामाबद्दल मी जे बोलले ते बोलायला नको होतं, त्याची माफी मागते. हे म्हणताना माझा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. फ्लायव्हीलच्या सगळ्या सह्या रद्द, प्रयोग प्रत्येकानं पुन्हा करायचा, हेही सांगितलं. वर्गातून लांबलचक “मॅऽऽडम” निघालं. “दोन दिवस राहिलेत, काय टेन्शन देताय!” आणि तीस-पस्तीस चेहरे माझ्याऐवजी त्या मुलीकडे वळले. माझ्या माफीची किंमतही तिलाच मोजावी लागत होती. “माझ्याकडे बघा,” मी ओरडले, “तिच्याकडे काय बघताय?”

तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

“तुझी आधीची पानं दे,” मी म्हटलं. “त्यांच्यावरच सही करते. पुन्हा करायची गरज नाही तुला.”

“फाडली मॅडम.”

“सगळी?”

“सगळी. परवाच.”

मग आम्ही दोघींनी मिळून प्रयोग केला. तिनं दोरी गुंडाळली, अगदी एकाशेजारी एक वेढे घेत. मी स्टॉपवॉच धरलं. ती फेऱ्या मोजत होती, मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. दोरी सुटली, वजन खालच्या वाळूच्या पेटीत पडलं आणि चाक फिरत राहिलं. ते थांबायच्या बेताला आलं की इतकं हळू होतं की आता थांबलं असं वाटतं आणि तरी अर्धी फेरी पुढे जातं. तिनं ती अर्धी फेरीही धरली. तीन वजनांनी तीन वेळा केलं. उत्तरं आली ०.०७८, ०.०७७, ०.०७९.

“बघ,” मी म्हटलं. मला फार बरं वाटत होतं. झालं गेलं निस्तरलं, असंच वाटत होतं. “लिही आता. जर्नलमध्ये थेट.”

तिनं कोरं पान पुढे ओढलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“मॅडम, यातलं कुठलं लिहू?”

“कुठलं म्हणजे? जे आलं ते. तिन्ही.”

“हो मॅडम,” ती म्हणाली. जर्नलमध्ये रीडिंग शाईनंच लिहायची असतात, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. तिनं पेन बाजूला ठेवलं, कंपासपेटीतून पेन्सिल काढली आणि तिन्ही उत्तरं, एककांसकट, अगदी फिकट अक्षरात लिहिली. मग खोडरबर हाताशी ठेवून ती माझ्या सहीची वाट बघत उभी राहिली.