भाऊजींचा वस्तरा

आमच्या धाकट्या भाऊजींचं सलून आहे. खुर्चीत बसलेल्याशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या नियमानंच घात केला.

दोन वर्षांपूर्वी रोज सकाळी त्यांची बोटं सुजून आखडायला लागली. आमवात. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. कात्री कशीबशी चालायची, पण वस्तरा थरथरायचा. दाढ्या गेल्या तर निम्मं दुकानच गेलं.

गिऱ्हाईकांना काय, प्रत्येकाच्या खिशात एकेक उपाय. मास्तर म्हणाले, टोमॅटो सोड. टपालवाला म्हणाला, दूध. कुणी वांगी, कुणी मासे. भाऊजी सगळ्यांना "हो" म्हणायचे आणि खरंच सोडायचे!

"वहिनी, आजपासून डाळ बंद."

"आता श्वास सोडायला कोण सांगतंय ते बघा," मी म्हटलं.

गालफडं बसली, बोटं होती तशीच. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी सोडलेल्या पदार्थांची लांबलचक यादी ऐकली आणि विचारलं, "सिगारेट?"

भाऊजी छताकडे बघत म्हणाले, "ती कुणी सोडायला सांगितली नाही."

सांगणार कोण? सगळे दुकानाच्या पायरीवर भाऊजींच्याच काडीवर पेटवणारे!

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "धुरानं हे दुखणं चिघळतं, गोळ्यांचा गुणही कमी येतो. भाज्या, डाळी, मासे, सगळं खा. रोज चाला. नुसत्या पथ्यानं हा आजार जात नाही, गोळी चुकवू नका."

घरी येऊन मी देवाला हात जोडले आणि सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकलं. पुढचे पंधरा दिवस भाऊजी भांडी आपटत होते. "आई परवडली होती, वहिनी नको!" दोनदा चोरून ओढलीही, वास लपतो होय? पण हळूहळू सुटली. ताट पुसून जेवायला लागले, संध्याकाळी माझ्याबरोबर देवळापर्यंत चालायला लागले.

पाच महिन्यांनी, एका रविवारी, आमचे हे स्वतः खुर्चीत जाऊन बसले. "मान माझी आहे, बेतानं."

भाऊजींनी कोमट पाण्यात बोटं शेकली, मुठी उघडल्या-मिटल्या आणि वस्तरा उचलला. मी दारात नामस्मरण करत उभी. कानापासून हनुवटीपर्यंत वस्तरा सरळ उतरला. रक्ताचा थेंब नाही.

सकाळची बोटं अजून आखडतातच, म्हणून दारावर पाटी लागली आहे: दाढी नऊनंतर. यांचं ऑफिस साडेआठला. दुसऱ्याकडे जाणार नाहीत, घरी करणार नाहीत. रविवारपर्यंत खुंट वाढवून ऐटीत हिंडतात.