रुईने नाकारलेला नवरदेव

खोटे वागण्यात माझ्या थोरल्या मामाइतका प्रामाणिक माणूस साऱ्या खानदेशात झाला नसेल. एकदा खोटे अंगावर घेतले की तो ते खऱ्यापेक्षा मन लावून निभावायचा आणि भोवतालच्यांचा जीव काढायचा.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर तो मुकादम होता. लाल मिरची उन्हात पसरलेली, बायका बसून देठ खुडताहेत आणि मामा मधून वाद घालत फिरतो आहे, असे ते रोजचे. कोणी ऊन तापले म्हटले की मामाला गारवा वाटे. जेवताना आधी सगळी भाकरी खायचा, मग सगळी भाजी. पोटात गेल्यावर त्या आपसात बघून घेतील म्हणे. बाकीचे त्याला टाळत. एक जिजी तेवढी त्याला पुरून उरे. जिजी म्हणजे आमच्या गल्लीतली तरुण विधवा, पथारीवर देठ खुडायला यायची. दोघांचे भांडण सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी अर्धवट राही, ते दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावतात. जिजीच्या थोरल्या दिराने तिच्यासाठी तळोद्याचा विधुर ठरवला. दोन बायका पोचवलेला, हात उचलणारा. जिजीने मान वर न करता हे मामाला सांगितले. मामा म्हणाला, "सांग त्यास्ले, मन्ही सुपारी फुटेल शे."

"कोनासंगे?"

"मन्हासंगे. खोटी फोडू."

"अन् खरी करनी पडनी तं?"

"तं तुन्हं नशीब फुटनं."

पंचांसमोर सुपारी फुटली, सोयरीक पक्की झाली. फुटल्यावर त्या बाईला दुसरा कोणी मागणी घालत नाही, म्हणून तळोदेकर आल्या वाटेने परत गेला. पण या दोन शहाण्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. सुपारी फुटली की बाईने त्या माणसासमोर तोंडावर पदर ओढायचा आणि बोलायचे नाही. जिजी एखादा शब्द टाकू पाही, तर मामाच तोंड फिरवी. चारचौघांच्या नजरा आहेत, लोक देखी ऱ्हायनात, म्हणे. पथारी सुनी पडली. मामा गाडीच्या बैलांशी वाद घालू लागला.

त्यात लोक पाटाची घाई करू लागले. बिनलग्नाच्या पुरुषाला विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचे लग्न रुईच्या झुडपाशी लावतात. मामाने तेवढेच धरून ठेवले. डोक्याला नवा फेटा बांधून तो रुया बघायला जाई, मुलगी बघावी तसा. एक बुटकी निघाली, एक वाकडी, एकीच्या पानांवर मावा होता. लोणखेड्याच्या वाटेवरची चांगली टवटवीत होती, तर म्हणाला हिच्या घरचे कोणी माहीत नाही. अशी वर्षे गेली. जिजीचा पाट टळत राहिला, आणि दोघे एकमेकांपासून दहा हातांवर मुके बसून राहिले.

शेवटी तळोदेकराने तिसरी बायको केली. दीरही खोकल्याने गेला. आता जिजीला कोणाचे भय उरले नव्हते. ते कळले त्याच संध्याकाळी मामा पंचांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "रुईनी माले नकार दिधा."  झाडाला विचारायला जाणार कोण? सुपारी मोडली, जिजीच्या नावाला डाग लागला नाही, आणि साऱ्या गावाला हसायला मामा मिळाला.

दुसऱ्या दिवशी तो जिजीच्या ढिगापाशी जाऊन म्हणाला की मिरची ओली आहे.

जिजीने तोंडावरचा पदर मागे टाकला. "मिरची कोरडी शे, मुकादम. तुन्हा डोया वल्ला शेतस."

मग जे भांडण लागले ते दोघे म्हातारे झाले तरी संपले नाही.

मी एकदा त्याला तोंडावर विचारले, एवढे होते तर खरेच पाट का लावला नाहीस? मामा म्हणाला, "घरमा उनी तं ती पदर लिसन गप बसी जाई. मंग मी भांडू कोनासंगे?"

याच्या डोक्यात भुसा भरला आहे, असे मी तेव्हा म्हटले. माझे लग्न खरे होते, सुपारीही खरी. सासू-सासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. ते गेले तोवर आम्हा दोघांची बोलायची सवय राहिली नव्हती. माहेरी आले आणि पथारीवरून त्या दोघांचा आरडाओरडा ऐकू आला, की मी जरा हळू चालायचे.