साहेबांचा घटस्फोट आणि आईची पूजा

स्वतःचा घटस्फोट शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न असल्यासारखा अंगावर घेऊन धावपळ करणारा माणूस उभ्या पृथ्वीवर एकच जन्माला आला, आणि तो नेमका डहाणूजवळच्या आमच्या चिखल्याच्या चिकूवाडीत भाड्याने राहायला आला. देश युरोपातला, अगदी चिमुकला. नाव सांगितलं की आमची आई विचारायची, "म्हणजे वापीच्या पुढे का?" साहेब म्हणायचे, "हो आई, थोडं पुढे." खोटं बोलणं त्यांना जमत नसे, पण कुणाला नाही म्हणणं तर मुळीच जमत नसे. त्यांच्या बाई गुजरातच्या हद्दीतल्या एका कारखान्यात मोठ्या इंजिनिअर. साहेबांचा व्हिसा बाईंच्या नोकरीवर. त्यामुळे बाई सकाळी गाडीत बसून कामावर जायच्या आणि साहेब लुंगी लावून गावाच्या ताब्यात जायचे.

ताब्यातच म्हणायचं. माणूस पक्का शाकाहारी, पण रोज कोळणीकडून बोंबील घ्यायचा. का, तर "भाऊ, ती एवढी लांब चालत येते ना!" ते बोंबील खाऊन आमची मांजर इतकी माजली की उंदीर समोरून गेला तरी ती कूस बदलायची. कुणी पिल्लू आणून दिलं, ठेवून घेतलं. कुणी वरातीत नाच म्हटलं, नाचले. एकदा एकाच दिवशी तीन घरी जेवायला हो म्हणून बसले, तिन्हीकडे पोटभर जेवले आणि दोन दिवस आमच्या ओट्यावर आडवे पडून होते. मराठी शिकले ते डहाणू रोडच्या बाजारात, त्यामुळे तिच्यात गुजराती कुठे सुरू होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "भाऊ, आज बहु गरमी आहे," म्हणत कुंपणाशी यायचे. बाईंना मात्र मराठी अजिबात येत नव्हती. मोडकीतोडकी हिंदी, बस.

एके सकाळी साहेब असेच कुंपणाशी आले आणि म्हणाले, "भाऊ, एक सारो, चांगला वकील पाहिजे."

"का हो? कुणी फसवलं?"

"नाय नाय. आमचा घटस्फोट आहे."

मी चहा सांडला. अहो, आमच्याकडे नवरा-बायकोचं वाजलं की चार वाड्या पलीकडे ऐकू जातं. ही दोघं मीठ दिलं तरी एकमेकांना थँक्यू म्हणणारी. भांडणच नाही तर घटस्फोट कशाचा? माझ्या डोक्यात काही शिरेना. त्यात डहाणूच्या वकिलाने विचारलं, "लग्न कुठं झालं? तिकडे? मग तिकडेच मोडा." तिकडच्या वकिलाने फोनवर विचारलं, "राहता कुठे? डहाणू? मग डहाणूला विचारा." साहेब सायकलवरून हे निरोप इकडून तिकडे पोचवत राहिले. लग्न जुळवणारा मध्यस्थही इतका खपत नाही. शेवटी तिकडचा वकील तयार झाला, अट एकच: काही महिने वेगळं राहा आणि शेजाऱ्याची तशी साक्ष द्या. झालं! साहेब आमच्या विहिरीजवळच्या खोलीत राहायला आले. पण जेवायला दोघंही आमच्याच ओट्यावर, कारण आईने बजावलं, "दोन-दोनदा पानं मांडायला ही खाणावळ नाही."

मी म्हटलं, "साहेब, कागद झाला की तुमचा व्हिसा गेला. गाशा तुम्हालाच गुंडाळायचाय. हे गाव सुटणार."

"हो ना. पण तिला पाहिजे आहे."

"आणि तुम्हाला काय पाहिजे?"

साहेबांनी असा विचार केला की जणू हा प्रश्न मी चुकून दुसऱ्याच कुणाला विचारलाय. मग म्हणाले, "चहा आहे?"

आईने बाईंना गाठलंच. "माणूस सोन्यासारखा, मग का गं?" बाईंनी हिंदीत सांगितलं ते असं, की तो सोन्यासारखाच आहे, पण सगळ्यांना सारखाच. मैं और वो मच्छीवाली, एक ही. मैंने बोला अलग होते हैं, तो बोला, ठीक है. इतके साल में एक बार भी नहीं बोला कि मुझे तू चाहिए. आईने उपदेश न करता बाईंपुढे चहाचा कप सरकवला, आणि हे मी उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

त्याच सुमारास आमच्या नव्या पॅकिंग शेडची सत्यनारायणाची पूजा आली. माझी बायको लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला. भटजी म्हणाले, "जोडप्याने कोण बसणार?" आईने साहेब आणि बाईंकडे बोट दाखवलं.

"अगं आई, ती वेगळी राहतायत! तेच तर चाललंय!"

"कागद आला का? नाही ना? मग जोडपंच आहे."

साहेब नाही म्हणणार नव्हतेच. आणि आईला नाही म्हणायची बाईंची काय बिशाद! बाईंना माझ्या बायकोची पैठणी नेसवली, साहेबांच्या खांद्यावर उपरणं आलं. भटजींनी गोत्र विचारलं. "काश्यप घाला," आई म्हणाली, "ज्याला गोत्र नाही त्याला काश्यप." उपरण्याची आणि पदराची गाठ बांधली आणि वापीच्या थोडं पुढचं हे काश्यपगोत्री जोडपं हात जोडून पाची अध्याय ऐकत बसलं.

आरती झाली, प्रसाद वाटला. बाहेर बाईंची गाडी येऊन उभी राहिली. भटजी म्हणाले, "आता गाठ सोडा." साहेबांनी गाठीवर हात ठेवला आणि तो काही उचलेनात.

"भटजी, ही सोडलीच पाहिजे?"

सगळे खो-खो हसले. मग आई हसायची थांबली. बाई पर्स उचलता उचलता वळल्या आणि मला म्हणाल्या, "क्या बोला वो?"

मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली: नाही. कधी कुणाला नाही न म्हटलेला हा माणूस! मी काही बोललो नाही. मग बाईंनीच हळूच गाठ सोडली.

साक्ष मी दिली. वेगळे राहतात म्हणालो, ते खरंच होतं. कागद आला, साहेब गेले. मी तेव्हा सांगून टाकायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही. आई म्हणते हवं होतं. भटजी म्हणतात, गाठ सोडायचीच असते.

साहेबांचा फोन येतो. चिकूला बहर कसा आहे, आईचा गुडघा कसा आहे, सगळ्यांचं नाव घेऊन विचारतात. बाईंचं विचारत नाहीत. मग "बाकी?" म्हणून थांबतात, आणि मी सांगतो की बाई बऱ्या आहेत, काल आईकडे मराठी शिकायला बसल्या होत्या. फोन कट झाला असं वाटून मी "हॅलो, हॅलो" करतो.

"हां भाऊ," साहेब म्हणतात, "आहे मी."