पहिला घोट

“यायच्या भाषेत भूत रडलं तं समजन कोनाले?” ढाब्याचा मालक गल्ल्यावरच्या माणसाला हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं. उकळून काळपट झालेल्या चहाचा वास आला की मला ते वाक्य आठवतं. आमच्या गोंडी भाषेतल्या भुताच्या सिनेमासाठी पैसे मागायला आम्ही कारंज्याला हायवेवरच्या त्याच्या ढाब्यावर गेलो होतो. कॅमेऱ्याचं भाडं देतो असं मालक म्हणाला होता, आणि ते मिळालं नसतं तर शूटिंग थांबणार होतं. सोबत सिनेमात काम करणारी माझी आत्या होती. चहा आल्यावर तिने पहिला घोट फरशीवर ओतला, घरातल्या मेलेल्यांसाठी, आमच्याकडे रोज ओततात तसा. “ओ बाई, करणी करून राह्यल्या का? धंद्याची जागा आहे!” तो ओरडला, आणि मग हसला. “हेच टाका सिनेमात. हिले चेटकीण करा, मेकअपचाही खर्च नाई. आत्ताच पैसे देतो.” बाजूच्या बाजेवरचे ट्रकवालेही हसले. आत्या पदराने फरशी पुसायला वाकली. कॉन्व्हेंटात शिकलेली मी, चारचौघांत तोंड न उघडणारी. सिनेमा आजही अर्धाच पडून आहे. पण तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पुसू नको, आत्या. ते अजून पिऊन राह्यले.”